पिनबॉल आणि आत्याचा लांबलेला मुक्काम

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या घराचा रंग वाळला असेल, वहिनींच्या शिंका थांबल्या असतील आणि तुझी पाठ ताळ्यावर आली असेल, असं धरून चालतो. आम्ही सगळे उभे आहोत (बसायला जागा उरलेली नाही, ते पुढे येईलच). रंगकाम संपेपर्यंत म्हणून तू तुझ्या आईला, म्हणजे आमच्या आत्याला, इकडे धाडलंस आणि आता ती कधी परत येणार म्हणून सारखं विचारतोस. त्याचंच उत्तर लिहितो आहे, पण आधी पिनबॉलबद्दल सांगणं भाग आहे.

बाजारामागचं आपलं गेम पार्लर आठवतं ना? आपलं खरं शिक्षण तिथेच झालं (आणि शाळेतलं तिथेच वाया गेलं). ते आता पाडताहेत. मालकाने सामान रस्त्यावर काढलं होतं, त्यात काचेवर अंतराळवीर रंगवलेलं आपलं मशीनही होतं. गोळी खाली येताना तू कंबर वाकडी करायचास, जणू ती तुझ्या कंबरेचं ऐकणार होती! मला राहवलं नाही, घेऊन आलो. पाय काढले तरी ते दारातून जाईना. शेवटी सुताराने चौकट उचकटली, तेव्हा मशीन आत गेलं आणि सोफा बाहेर आला. बायको काही बोलली नाही. (तिचं न बोलणं शेजाऱ्यांनाही ऐकू जातं.) आत्याकडून तर आशाच नव्हती. याच मशीनपुढून तिने आपले कान धरून आपल्याला किती वेळा घरी पिटाळलं होतं!

संध्याकाळी मोठ्या थाटात खेळायला उभा राहिलो. पहिली गोळी फ्लिपरच्या, म्हणजे बटणाने उडणाऱ्या त्या दोन पट्ट्यांच्या, मधून सरळ खाली. दुसरीही तशीच. तिसरीला मी चिडून मशीन हलवलं, तर त्याने दिवे घालवून माझा डावच बाद केला. आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती उठली, म्हणाली, "सरक जरा."

दादा, गुडघ्यांमुळे जिना न चढणारी ही बाई तासभर उभी होती. आपल्यासारखी बटणं बडवत नव्हती. गोळी फ्लिपरवर अलगद झेलायची, थांबवायची, मग हवी तिथे धाडायची. घंटा थांबेचनात. आतोबा गेल्यापासून तिला इतकं मोठ्याने हसताना मी ऐकलं नव्हतं.

"आत्या, हे शिकलीस कुठे?"

"तुम्हाला घरी पिटाळल्यावर उरलेल्या गोळ्या काय टाकून द्यायच्या होत्या?"

पार्लरच्या भिंतीवर खडूने लिहिलेला तो उच्चांक, जो मी तुझा समजत होतो आणि तू माझा, तो कुणाचा ते आता कळलं असेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पाठीला जप.

तुझा मामेभाऊ

ता. क. : पत्राचं खरं कारण असं, की तू लगेच येऊन आत्याला घेऊन जा. वरच्या मजल्यावरच्या बायका रोज दुपारी खेळायला येतात आणि चहा मला करावा लागतो.

ता. क. २ : आत्याला हे सांगितलं. म्हणाली, "येऊ दे की. ट्रक घेऊन ये म्हणावं." तेव्हा ट्रक बघ.

ता. क. ३ : ट्रक नको. बायकोने आत्ताच बजावलं आहे, की ती आत्याला हरवेपर्यंत आत्या आणि मशीन दोघंही इथून हलणार नाहीत. तिचा खेळ पाहता, आईची खोली तू खुशाल भाड्याने दे.