शेजारणीचे फोटो

१२ जानेवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझे भाओजी निवृत्त झाल्यापासून घरातली घड्याळं उघडून बसतात. आता एकही धड चालत नाही.

एक विचारायचं होतं. माझी एक शेजारीण आहे, पन्नाशी उलटलेली. तू बायकांचे ते मोजक्या कपड्यांतले, फक्त स्वतःसाठी ठेवायचे फोटो काढतेस, हे मी तिला बोलून गेले. तिला काढून घ्यायचेत, पण लाज वाटते. पोट सुटलंय, दंड लोंबतात. अशा बाईची भीड तू कशी मोडतेस ते सविस्तर लिही. लवकर लिही, तिला घाई आहे.

तुझी ताई

१९ जानेवारी

ती. सौ. ताईस सा. न., वि. वि.

शेजारणीला सांग, न लाजणारी बाई माझ्याकडे अजून आलेली नाही. परवा एक वकीलबाई आल्या होत्या. कोर्टात डरकाळ्या फोडतात म्हणे, पण माझ्याकडे अंगातला कोट काढेनात. मी कॅमेरा कपाटातच ठेवला आणि चहा पीत त्यांच्या कुत्र्याच्या खोड्या ऐकत बसले. शेवटी त्याच म्हणाल्या, की कोटात फार उकडतंय.

तिने सकाळपासून सैल कपडे घालावेत, नाहीतर इलॅस्टिकचे वळ जाता जात नाहीत. उपाशी येऊ नये. नवीन काही विकत घ्यायची गरज नाही, नवऱ्याचा जुना शर्टही छान दिसतो. खोलीत माझ्याशिवाय कुणी नसतं आणि कडी तिनेच आतून लावायची. काय दाखवायचं नाही ते तिने आधी सांगायचं. का, ते मी विचारत नाही. सुरुवात फक्त हातांपासून. ती नको म्हणाली, की कॅमेरा खाली.

पण काय गं, तिच्या दंडांची तुला बरीच माहिती! भाओजींना चकित करायचा बेत असेल, तर मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही.

रागावलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी टिटवी

२५ जानेवारी

चि. टिटवीस आशीर्वाद.

ओळखलंस. शेजारीण मीच. पण बेत तू समजतेस तो नाही. माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली आहे, कॅन्सरची. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया. डॉक्टरबाई म्हणाल्या, स्तन काढावा लागेल, पण वेळेत सापडलंय. तुला कळवणारच होते. पण तू रडणार आणि मलाच तुझी समजूत काढावी लागणार, म्हणून टाळत राहिले.

त्याआधी मला एकदा स्वतःला अख्खं बघायचंय. मुलांना पाजलं, बाकी जन्म झाकण्यातच गेला. आरशासमोरही घाईघाईने कपडे चढवले.

पण तुझ्यापुढे कशी उभी राहू? तुला मी न्हाऊमाखू घातलंय. दुसरी कुणी असेल तर सांग.

ताई

३० जानेवारी

ती. ताईस सा. न.

पोटभर रडून घेतलं. आता समजूत काढायला नको.

माझी स्टुडिओतली जोडीदारीण उत्तम फोटो काढते. तिला सांगते, मी बाहेर बसेन. पण ऐन वेळी मी हवीशी वाटले, तर नुसती हाक मार.

कशीही ये, पण ये.

तुझी टिटवी

१६ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेकानेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. तुझ्या जोडीदारणीला सांग, ती फार गुणी आहे. पण तिच्यापुढे माझे खांदे काही केल्या सैल पडेनात, म्हणून तुला हाक मारली. आणि तू कसली गं फोटोवाली! मी बटणं सोडली आणि रडू तुला फुटलं. तुलाच खुर्चीत बसवून पाणी पाजावं लागलं. उघड्या अंगाने तुला दटावताना मला इतकं हसू लोटलं, की लाजायचं राहूनच गेलं. तो हसतानाचाच फोटो मला सगळ्यांत आवडला. चांगली दिसते की मी!

काल तुझ्या भाओजींना दाखवले. चष्मा पुसून पुसून बघत राहिले. मग म्हणाले, शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघेल तेव्हा मी समोर असेन, तेव्हा तू पाठ फिरवायची नाहीस. मी नाही म्हणणार होते. हो म्हटलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात भरती व्हायचंय. भीती वाटतेच. तू माझ्यासाठी एक सैल, पुढून बटणांचा शर्ट आण, आणि मनात माया आहे तेवढी सगळी घेऊन ये.

तुझी ताई