कारल्याचा नेम

लंडन, २० ऑक्टोबर १९७७

ती. सौ. विद्युल्लतावहिनींस,
शरदचा शि. सा. न. वि. वि.

यंदा हिवाळ्यात सहा आठवड्यांची रजा मिळाली आहे. मी, वीणा, बकुळ आणि आई असे चौघे येतोय. मुक्काम तुमच्याकडे दुर्गाघाटावरच. काशीला बिऱ्हाड ठेवून आजूबाजूच्या सहली आखल्यात: सारनाथ, खजुराहो, शेवटी काठमांडू. वीणा रोज नकाशा पसरून बसते.

आईचे गुडघे धड नाहीत, हॉटेलातलं तिला चालत नाही. आम्ही नेपाळ करून येईपर्यंत आठवडाभर ती तुमच्याजवळ राहील. जन्मापासून बकुळचं सगळं तिनेच केलं. आता पोर दिवसभर शाळेत असते, तेव्हा आईलाही विश्रांती हवीच. ढुंढिराजदादांना म्हणावं, तुमचे यजमान परदेशातून येताहेत, घाटावरचे विधी एका सकाळीत उरका.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.
आपला,
शरद

दुर्गाघाट, काशी, २४ जानेवारी १९७८

चि. शरद यास,
अनेक आशीर्वाद.

काठमांडूच्या हॉटेलला तार केली, तर उत्तर आलं की साहेब केव्हाच गेले. म्हणून लंडनच्या पत्त्यावर लिहिते. आईला आठवडाभर ठेवतो म्हणाला होतास, पौष संपत आला. गल्लीत बूट वाजले की काकू पायऱ्या उतरून दारापर्यंत जातात आणि परत चढतात. त्या गुडघ्यांनी.

दशाश्वमेधावर आमच्या ह्यांनी तुम्हाला आवडती वस्तू सोडायला सांगितली. तू कारलं सोडलंस. काकूंना विचारलं, तर तू लहानपणापासून कारल्याला हात लावलेला नाहीस म्हणे. गंगेलाही फसवणारा दीर मला मिळाला. काकूंनी मात्र चहा सोडला. सकाळी डोकं धरून बसतात, पण घोटभरही घेत नाहीत.

काल शाल काढायला त्यांची ट्रंक उघडली. उन्हाळ्याची लुगडी, वर्षभराची औषधं, काकांचा फोटोसुद्धा. बांधाबांध वीणाने केली म्हणे. आठवड्यासाठी एवढं कोण भरतं? पासपोर्ट विचारला तर म्हणाल्या, हरवेल म्हणून शरदने स्वतःजवळ ठेवलाय. मला खरं काय ते कळव, आडवळण नको.

घरात सर्वांस आशीर्वाद.
तुझी वहिनी

लंडन, १७ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. काठमांडूहून पोखरा जोडून घेतलं, त्यात दिवस गेले आणि तिथून परस्पर दिल्लीला येऊन विमान धरावं लागलं. पण पोखऱ्याचे डोंगर काय वर्णावे.

आता मोकळेपणाने लिहितो. आईची खोली बकुळला अभ्यासाला दिली आहे. इथल्या थंडीत आईचे हाल होतात, वीणाचीही कुचंबणा होते. काशीत देह ठेवायला मिळावा म्हणून लोक जन्मभर झुरतात, आईला ते घरबसल्या मिळालं. तिच्या तोंडावर सांगणं मला जमलं नाही. तुम्ही बायका गोड बोलून समजावू शकता. एखादा सण बघून सांगावं, म्हणजे तिला फार लागणार नाही.

आमच्यावर राग नसावा.
आपला,
शरद

लंडन, ३ ऑक्टोबर १९७८

ती. आईस,
शरदचा शि. सा. न. वि. वि.

तुझी तब्येत ठीक असेल. एक आनंदाची बातमी: वीणाला नोकरी लागली. पण बकुळ शाळेतून येते तेव्हा घराला कुलूप असतं. आजी हवी म्हणून रोज रडते. तुझं तिकीट काढतोय. तुझा पासपोर्ट रजिस्टरने पाठवलाय.

डिसेंबरात पुन्हा लांब सुटी घेतलीय. या खेपेला दक्षिणेच्या सहली आहेत: मदुरा, रामेश्वर, कन्याकुमारी. त्यातून दोन दिवस काशीसाठी काढलेत. ट्रंक भरून ठेव म्हणजे खोळंबा होणार नाही. झालं गेलं मनात ठेवू नकोस.

तुझा,
शरद

दुर्गाघाट, काशी, १९ ऑक्टोबर १९७८

चि. शरद यास,
आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र विद्युल्लतेने वाचून दाखवलं. उत्तर मी माझ्या हाताने लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर वीणाला विचार. पासपोर्ट मिळाला. आजच रजिस्टरने परत पाठवला आहे.

तुमच्या सहली चांगल्या आखल्या आहेत. काशीचे दोन दिवस रामेश्वराला दे, तिथे बघण्यासारखं पुष्कळ आहे. बकुळसाठी जीव तुटतो. तिचा लोकरीचा टोपा मी उशाशी घेऊन निजते. तिला खोटं सांगू नका. बाबांनी आजीला काशीत सोडलं, एवढंच सांगा.

घाटावर ढुंढिराजाने दोनदा बजावलं होतं की इथे सोडलेली वस्तू जन्मात परत घ्यायची नाही. तू मान हलवली होतीस. तुझं कारलं ऐकून मला तेव्हा हसू आलं होतं. तू खरं काय सोडलंस ते मला होळीच्या दिवशी कळलं. विद्युल्लतेने सण बघूनच सांगितलं.

माझा चहा सुटला तो सुटलाच. तूही तुझा नेम पाळ.

सुखी राहा.
तुझी आई

ता. क. कारली मात्र खुशाल खा. ती तू कधी सोडलीच नव्हतीस.