टाकीवरचा चौथा ओरखडा

नागेशा,

तू सकाळी येऊन झोपलास. उठल्यावर तुला बरं वाटावं म्हणून मी तुझ्या मोटरसायकलच्या टाकीवरचे ओरखडे पॉलिशने काढायला बसले. तीन गेले. चौथा घासताना कडेच्या रबराखाली अडकलेला नखाचा तुकडा हाती आला. त्याला मेंदी लागलेली आहे.

"घाटात फांदी घासली, अक्का," म्हणालास. फांदी नव्हे, तम्मा, माझ्या धाकट्या भावा. मागे बसलेली बाई पडताना टाकीला धरू बघेल, तसे ते ओरखडे पुढून मागे ओढलेले होते. तुला उठवायला आले, तर झोपेतच "हात सोड, हात सोड" म्हणत होतास.

चौथा तसाच ठेवलाय. शेजारच्या चंद्रप्पाच्या जीपने मी आगुंबे घाटात चालले आहे. वळणावळणाला उतरून हाक मारीन, पण तिचं नाव मला ठाऊक नाही. उठलास की फोन करून तेवढं सांग.

अक्का