युमीला साडी

पनवेल, श्रावणातला शुक्रवार

दिवा लावला, पण मन त्या चिठ्ठीतच. माझ्या मुलाची, अमोलची बायको युमी जपानची. तिला सासूबाईंची हिरवी साडी पाठवायची म्हणून घरातलाच जुना खोका शोधून ठेवला होता. चिठ्ठी इंग्रजीत लिहून झाली. धाकटी सायली जपानी शिकते, ती जपानीत उतरवायला बसली आणि 'वेअर' म्हणजे नेसणे, या शब्दापाशी अडली.

"आई, अंगात घालतात ते किरु, कमरेखाली हाकु आणि डोक्यावर काबुरु."

"अगं, साडी कमरेला, खांद्यावर, वर पदर डोक्यावर. मग तिन्ही लिही!"

"काहीतरीच! किमोनोला किरु म्हणतात, तेच लिहिते."

असेल बरोबर. पण मला रोडपालीचं सासरचं घर आठवत राहिलं. माझ्या पहिल्या गौरीला हीच साडी सासूबाईंनी मला नेसवली. निऱ्या धरायला त्या चक्क माझ्या पायाशी बसल्या. मी लाजून मागे सरले, तर ओरडल्या, "गप उबी ऱ्हा, निऱ्या सुटतील!" त्या दिवशी ते घर माझं झालं. साडी नुसती खोक्यातून आली असती तर झालं असतं का?

सायलीला म्हटलं, "ते वाक्य खोड. लिही, गौरीला ये, मी नेसवते."

"आणि साडी?"

"इथंच राहू दे."

गुडघे हल्ली वाकत नाहीत. गणराया, निऱ्या धरण्यापुरतं तरी खाली बसू दे.