पैलवानासाठी उतरण

शिवाजी पेठ, कोल्हापूर
बुधवार, ता. ७ नोव्हेंबर १९७९

विजाक्कांना रशिदाचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

तुमचं पत्र तुमच्या जीपवाल्या आकारामने फराळाच्या डब्याबरोबर आणून दिलं त्याला बरेच दिवस झाले. चकल्या संपल्या, डबा घासून पालथा घातला, उत्तर मात्र राहिलं. रागावला असाल. रोज दुपारी कागद काढते आणि काहीतरी काम आठवून उठते. आत्तासुद्धा दोनदा उठून आले, एकदा दूध बघायला आणि एकदा उगाच.

इकडे सगळं ठीक. ह्यांच्या दुकानात रिक्षांच्या सीटा शिवायचं काम भरपूर आहे. आमची लेक बेगम मिरजेला सासरी सुखात आहे. तुमच्या शिरोळात ऊसतोड सुरू झाली असेल, अण्णांना फुरसत नसेल.

तुम्ही विचारलंय, पैलवानाला तिकडे न्यायचं तर घराच्या दगडी पायऱ्यांशेजारी त्याच्यासाठी बुटक्या पायऱ्या बांधून घ्याव्यात की उतरती फळी टाकावी. आधी त्याची तब्येत सांगते. तुम्ही पेठ सोडलीत आणि तुमचं हे कुत्रं आमच्याकडे ठेवलंत तेव्हा तो आमच्या ओट्यावरून गल्लीत उडी टाकायचा. आता तोंडाभोवती पांढरा झालाय. अंग तसंच लांबडं, पाय तसेच आखूड, पण मागची बाजू जड झालीय. उन्हाळ्यात ओट्यावरून उतरताना पडला आणि मागचे पाय ओढत चालायला लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, अशा कुत्र्यांचा कणा लांब असतो, उडी मारली की सगळा ताण तिथे येतो. उडी बंद.

ह्यांनी आधी विटांच्या पायऱ्या रचल्या. चढायला तो कसाबसा चढायचा. उतरताना पुढचे पाय खालच्या विटेवर, मागचे वर, आणि पोट मधल्या कडेला घासायचं. पाठीला बाक यायचा तो बघवायचा नाही. एकेक पायरी त्याच्या अख्ख्या अंगाएवढी रुंद असती तर चाललं असतं, पण आमच्या गल्लीत तेवढी जागा कुठली?

मग फळी टाकली. ती फार उभी झाली. पाय सरकू नयेत म्हणून ह्यांनी वर रेक्झिन ठोकलं, दुकानात तेच पडलेलं असतं. पहिल्याच दिवशी पैलवान बसल्या बसल्या घसरत गल्लीत गेला. तालमीतली पोरं हसली. तो दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसला.

आता आहे ती उतरण चांगली आहे. फळी लांब, चढ कमी, वर काथ्याची चटई, आणि दोन्ही कडांना पट्टी, म्हणजे पाय बाहेर जात नाही. ओळखीच्या एकाने करून दिली. तो सुतार नाही, असाच येऊन-जाऊन असतो. त्याचं नाव सांगून काय उपयोग?

तेव्हा पायऱ्या नकोत, उतरणच करा. पण घाई करू नका. महापुराच्या भीतीने तुमचं घर केवढ्या उंच जोत्यावर बांधलंय, तिथे साधी फळी पुरायची नाही. थंडी सरू दे. म्हातारं जनावर आहे, त्याला इथली सवय झालीय. घरात आमच्या तो येत नाही, ओट्यावरच निजतो, पण ओट्यावरचा कोपरा त्याचा आहे.

अण्णा जेवता जेवता म्हणाले, ‘ते कुत्रं कसं आहे? आणा त्याला घरी,’ असं तुम्ही लिहिलंय. इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच चौकशी केली म्हणून तुम्हाला नवल वाटलं. मलाही वाटलं. आणि पत्राच्या शेवटी तुमची ती नेहमीची ओळ आहे, तिचं

थांबते. कुणीतरी हाक मारतंय.

शनिवार, ता. १०

विजाक्का, बुधवारी मला कुणीही हाक मारली नव्हती.

वरचं फाडून नवीन लिहिणार होते. पण मी कशी चुकवत होते ते तुम्हालाही दिसू दे, म्हणून तसंच ठेवते. ‘जयपालचं काही कळलं का?’ ही तुमची शेवटची ओळ. जयपाल खुशाल आहे. कबनूरला एका मागांच्या कारखान्यात जॉबर आहे, बिघडलेले माग दुरुस्त करतो. एकटाच खोली घेऊन राहतो. दर शुक्रवारी त्याला सुट्टी असते, तेव्हा पैलवानाला बघायला इथे येतो. उतरण त्यानेच केली.

जरा बसा. पाणी प्या. मग पुढचं वाचा.

शिरोळचं घर सोडल्यावर महिन्याभरातच तो ओट्याशी येऊन उभा राहिला होता. त्याने नवा ट्रॅक्टर आणि ऊस सांभाळावा असं अण्णांना वाटत होतं, ह्याला यंत्रांत हात घालायचे होते. कोण बरोबर ते मी सांगणार नाही. पण त्याने मला शब्द द्यायला लावला. “आईला कळलं की अण्णांना कळणार, मावशी. मग ते माणूस धाडणार. मी इथंबी यायचा न्हाई मग.” मी शब्द दिला. तुमची पत्रं येत राहिली आणि मी इकडची तिकडची खबर लिहीत राहिले.

शब्द होता हे खरं, पण तेवढंच खरं नाही. बेगम सासरी गेल्यापासून आमच्या घरात दोन ताटं. शुक्रवारी तिसरं लागायचं. त्याच्यासाठी मी वेगळं पातेलं ठेवलंय. आता सगळं खातो म्हणतो, पण मी त्याला बिनलसणाची आमटीच वाढते, तुम्ही शिकवली तशी. कुत्रं शिरोळला गेलं तर तो इथे कशाला येईल, ही मला भीती होती. म्हणून थंडी, म्हणून म्हातारं जनावर, म्हणून जोत्याची उंची. तुम्ही तिकडे पोराची वाट बघताय आणि मी इकडे त्याला जेवायला वाढते, ह्याने गेले कित्येक दिवस माझ्या हाताला चव नव्हती. ह्यांना ते कळत होतं. गुरुवारी ते एवढंच म्हणाले, “कुत्र्याला ठेवून घेतलंस का पोराला, ते एकदा ठरीव.”

काल तो आला. पैलवान पाय ओढत उतरणीवरून खाली गेला, हा गल्लीतच उकिडवा बसला, नेहमीसारखा. आधी मी त्याला जेवू दिलं. हे नमाजाहून आले, त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी तुमचं पत्र आणून त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने ते वाचलं. घडी केली, परत उघडली. मला वाटलं, आता उठून जाईल. उठला खरा, पण ओट्याच्या ह्या टोकाकडून त्या टोकाकडे नुसता चालत राहिला. मग विचारलं, “अण्णांचं गुडघं दुखतात का अजून?” मी म्हटलं, मला काय ठाऊक, तुझ्या आईला विचार. तो परत चालायला लागला. मला त्याचं ते चालणं सहन होईना. मी म्हणाले की तुझ्या बापाला कुत्र्याशी काय करायचंय रे? आयुष्यात कधी त्याच्या अंगावर हात फिरवला नाही. दुसऱ्या कुणाचं नाव तोंडातून निघत नाही म्हणून कुत्र्याचं घेतलंय त्या माणसाने.

त्याने दुकानातली टेप उचलली आणि सीटच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आकडे टाकायला लागला. तुमच्या जोत्याची उंची त्याच्या डोक्यातच होती. म्हणाला, सरळ फळी चालणार नाही, दोन तुकडे करायचे, मध्ये वळायला सपाट जागा ठेवायची. पायऱ्यांच्या उजव्या अंगाला जास्वंद आहे, ती छाटावी लागेल. आहे का अजून ती?

पुठ्ठ्यावरची रुंदी बघून ह्यांनी हटकलं, कुत्र्याला एवढी रुंद कशाला? बाजूला माणसाच्या कमरेएवढा कठडा पण काढला होता. तो मान वर न करता म्हणाला, “गुडघं दुखतात तर पायऱ्या जड जात असतील की.”

मी म्हटलं, हा पुठ्ठा आकारामबरोबर पाठवते, तिथला कुणी सुतार करील. तर म्हणाला, दुसऱ्याला जमायचं नाही, मीच करणार आणि मीच जाऊन जोडणार. मी त्याच्याकडे बघत राहिले. तेव्हा हसला, विजाक्का. “अण्णा मला घराची पायरी चढू नको म्हणालते, मावशी. उतरणीचं काय बोलले न्हाईत.”

हसला आणि उठून मागच्या नळावर गेला. पाणी बराच वेळ वाहत होतं. आम्ही दोघांनी तिकडे बघितलं नाही.

जाताना त्याने माझा शब्द मला परत दिला, म्हणून हे लिहिते आहे. शब्द मोडला असता तर मला कमी त्रास झाला असता की जास्त, ते कळत नाही. तुम्ही माझ्यावर रागवा. इथे येऊन रागवा, पण हे शिरोळचं होऊन गेल्यावर.

येत्या शुक्रवारी आकारामला जीप घेऊन धाडा. तिच्यातून फळ्या येतील, पैलवान येईल आणि फळ्या जोडणारा येईल. अण्णांना आधी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तुम्ही त्यांना जास्त ओळखता. त्या दिवशी त्यांना उसाच्या फडावर जाऊ देऊ नका, एवढंच. जयपाल बारीक झालाय, ते लगेच बोलू नका. त्याला ते आवडत नाही.

उतरण जोडून झाली की पैलवान खालीच थांबेल, जयपालच्या पायाशी. नव्या फळीवर तो आपण होऊन पाय ठेवत नाही. वरच्या टोकाला कुणीतरी उभं राहून नाव घेऊन हाक मारावी लागते, मग येतो. ती हाक तुम्ही मारू नका, अक्का. अण्णांना मारू द्या. कुणाचं नाव आधी घ्यायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

आता शुक्रवारी रिकामी असणारी, तुमचीच
रशिदा