उधव्याच्या वाटेवरचा सोबती

तलासरी, रविवार, जानेवारी १९८९. संध्याकाळ

पाय गरम पाण्यात सोडून लिहितोय. मॅरेथॉनच्या सरावातली आजवरची सर्वांत लांब धाव, उधव्यापर्यंत जाऊन परत. पण डोक्यात घोळतोय तो माणूस. अनवाणी.

परतताना पोटऱ्यांत गोळे आले होते. कशासाठी हे सगळं? शाळेतले सहकारी हसतात ते बरोबरच. पुढच्या झाडाशी थांबायचं, एसटी पकडायची आणि हा नाद सोडायचा, ठरलंच होतं. तेवढ्यात शेतातला एक माणूस कोयता बांधावर ठेवून रस्त्यावर आला आणि माझ्या बरोबरीनं धावू लागला. अनवाणी, एक शब्द न बोलता. त्याच्यादेखत थांबायची लाज वाटली. तशीच तलासरी गाठली की!

नाक्यावर त्यानं हळूच विचारलं, "कोण वारलं, गुरुजी?"

इकडे पाड्यांवर मरणाचा निरोप एकट्यानं नेत नाहीत, दोघं जातात. मी असा धापा टाकत चाललोय म्हणजे निरोपच घेऊन, असं त्याला वाटलेलं.

"कोणी नाही हो," मी ओशाळून म्हणालो, "शर्यतीचा सराव करतोय."

वाटलं, चिडेल. का नाही चिडला? सकाळ बुडवली मी त्याची.

"कोणी नाही ना? मग चांगलंच झालं," म्हणाला, मनापासून हसला आणि आला तेवढी वाट उलट चालू लागला. अनवाणीच.

पुढच्या रविवारी त्याच वाटेनं जाणार. लांबूनच ओरडून सांगेन, सगळे सुखरूप आहेत. आणि तरीही तो यावा, असं वाटतंय.