अळ्यांची अंघोळ

तीर्थरूप दादास,

नमस्कार. (साष्टांग घालणार नाही, सध्या राग फार ताठ आहे.) सुखरूप पोहोचलास ना? वहिनी बरी आहे ना? तुझ्या गुडघ्याचं विचारत नाही. माझ्या गॅलरीत दिवसभर उकिडवा बसलास तेव्हा तो कुठे दुखत होता?

मी कॉलेजात शिकवायला गेले आणि तू मागे घर आवरायला घेतलंस. गॅलरीतली कडू करांद्याची वेल तुला रानटी वाटली, पण ती मी लावली होती. तिच्यावरचे ते तांबडे भुंगेरे जगात मोजक्याच लोकांना ठाऊक आहेत (त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत), आणि ते करांद्याशिवाय कशालाही तोंड लावत नाहीत हे सिद्ध करण्यात माझी उमेदीची वर्षं खर्ची पडली. त्यांच्या अळ्या स्वतःची विष्ठा पाठीवर थापून घेतात. ते त्यांचं चिलखत असतं, दादा! त्यामुळे मुंग्या जवळ फिरकत नाहीत. तू मात्र त्यांना भांड्यांच्या साबणाने अंघोळ घातलीस, टॉवेलवर वाळत टाकलंस (माझ्या टॉवेलवर!) आणि मी दार उघडताच म्हणालास, "बिचाऱ्या घाणीत लोळत होत्या गं. बघ, कशा चकाचक झाल्या!" मी पाहीपर्यंत मुंग्या तो चकाचक माल ओढून नेत होत्या. वर वेलही मुळासकट उपटून कचऱ्याच्या गाडीत दिलीस. मी रडायला लागले तर चहा करून दिलास. त्या चहाचाही मला राग आहे.

उरलेले भुंगेरे उपाशीपोटी उडाले ते खालच्या मजल्यावर, निवृत्त न्यायाधीशबाईंच्या लिलीवर. मी निर्धास्त. ते लिलीही खातील असं आमचे विभागप्रमुख म्हणायचे, आणि खाणार नाहीत, हे मी त्यांना भर बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. बघता बघता लिलीची चाळण झाली! बाई जिना चढून आल्या. "तुमची जनावरं आवरा," एवढंच म्हणाल्या. माफी मागायला खाली गेले, पान उलटून पाहिलं, तर खाली अंडी.

अळ्यांबद्दल तुला कधीतरी माफ केलं असतं. पण ते विभागप्रमुख खरे ठरले, आणि तेही तुझ्यामुळे!

तुझी (नाइलाजाने),
धाकटी बहीण

ता.क. विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. नवी खाद्यवनस्पती सापडली म्हणून ते खूश आहेत, पण शहाणासुरता माणूस अळ्यांना अंघोळ घालेल, हे त्यांना पटत नाही. मी काहीतरी लपवतेय, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मिळेल त्या गाडीने ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग.

ता.क. दुसरा: वहिनीला आणू नकोस. ती असली की मला तुझ्याशी मनसोक्त भांडता येत नाही.